आमची वाटचाल : सायकलरिक्षाचे वजन उतरवताना

1978 साली बाबांनी नागपुरात इतवारीजवळ सायकलरिक्षांच्या दुरुस्तीचे दुकान टाकले. स्टेशनवर उतरलेले पाहुणे, शाळेची मुले, गांधीबागेत कापडाचे गठ्ठे घेऊन आलेले व्यापारी असे सारेच तेव्हा रिक्षाने जात, आणि रोजच्या किरायाने रिक्षा घेणारे चालक, ज्यांतले कितीतरी छत्तीसगडहून आलेले असत, सकाळी आमच्या दारात ब्रेक आवळून घेण्यासाठी थांबत.

दुरुस्ती करता करताच या वाहनाचे दोष आम्हाला कळत गेले. गिअर नाही, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला आणि साखळीचा जोर मागच्या एकाच चाकावर. रेल्वे पुलाचा चढ लागला की चालक गादीवरून उठून सारे वजन पायडलवर टाकतो, आणि तेही पुरले नाही तर खाली उतरून एक हात हँडलवर व दुसरा गादीवर ठेवून भरलेली रिक्षा ओढत नेतो. आमच्याकडे येणाऱ्या फ्रीव्हीलचे, म्हणजे साखळी ज्यावर फिरते त्या मागच्या चक्राचे, झिजलेले दाते पाहून बाबा म्हणत, "लोखंडाची ही गत, तर गुडघ्यांची काय असेल?" फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गिअरची आणि मागच्या चाकांना ब्रेक असलेली सुधारित सायकलरिक्षा तयार केल्याचे वाचल्यावर आम्हीही 2006 मध्ये गिअर बसवून पाहिला, चालकांना तो आवडला, पण वाढीव खर्च करायला रिक्षांचे मालक तयार झाले नाहीत.

2014 मध्ये ई-रिक्षांसाठी नियम आले, पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन-तीन वर्षांत आमचे बहुतेक गिऱ्हाईक गेले. त्या गाडीने माणसाचे कष्ट वाचवले, याचा मला आनंदच आहे. मात्र ती बनवायची तर नमुन्याला चाचणी संस्थेची मंजुरी घ्यावी लागते, आणि तो खर्च आमच्यासारख्या लहान कारखान्याला झेपणारा नाही. शिवाय शिशाच्या बॅटऱ्यांचा संच वर्ष-दीड वर्षात उतरला की नव्या संचासाठी कर्ज काढणारे चालक मी रोज पाहतो.

म्हणून गेली चार वर्षे आम्ही मधल्या वाटेवर काम करीत आहोत : पायडल कायम ठेवायचे आणि चढावर तेवढा लहान मोटरचा हात द्यायचा. मोटर 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत असेल, आणि चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले, तर बॅटरीवरचे वाहन मोटार वाहन गणले जात नाही. पहिल्या दोन अटी सोप्या आहेत, पण आमची जुनी रिक्षा काट्यावर 84 किलो भरली होती. सांगाड्याला पातळ नळी वापरली, हूडच्या लोखंडी कमानींऐवजी ॲल्युमिनियमच्या घातल्या, गादीखालची फळी काढून पट्ट्या विणल्या, आणि वजन 67 किलोंवर आले. नागपूरच्या महाल भागातल्या अरुंद गल्ल्यांत ती वळतेही छान. आता मागचा आस पोकळ नळीचा करून पाहत आहोत. दोन प्रवासी आणि खड्डा यांचा भार त्याने सोसला, तरच हा नमुना चाचणीला पाठवू.