सेंबुंगानला मुक्कामच करा

पहाटेचे साडेपाच वाजले होते. बटाट्याच्या वरंब्यापाशी उकिडवं बसून म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला एक पान उलटं करून दाखवलं. पानाच्या कडेला जाड्या मिठासारखे पांढरे खडे चिकटले होते. बोट लावलं तर चक्क बर्फ. "बुन उपास," तो म्हणाला. जावानीज भाषेत बुन म्हणजे दव आणि उपास म्हणजे विष. विषाचं दव! दुपारी मी मुद्दाम त्याच वावरात परत गेलो, तर ते पान उकडल्यासारखं काळपट होऊन लोंबत होतं. माझं आजोळ आंबेगावच्या सातगाव पठारावरचं, सगळं बटाट्याचं गाव. तिथे करप्याने गेलेलं पीक मी पाहिलंय. पण विषुववृत्तापासून जेमतेम सात अंश दक्षिणेला, जावासारख्या उष्ण बेटावर, थंडीने बटाटा मरतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटलं नसतं.

हे दिएंगचं पठार. मध्य जावातल्या एका जुन्या ज्वालामुखी प्रदेशात, सुमारे २,००० मीटर उंचीवर. त्याच्याही वर, २,३०० मीटरच्या आसपास सेंबुंगान आहे. जावा बेटावरचं सगळ्यात उंच गाव म्हणून त्याची ओळख सांगतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर अजून साडेसहाशे मीटर चढल्यावर हे गाव लागेल. बहुतेक लोक रात्री एकला योग्यकार्ताहून गाडी करून निघतात, गावाजवळच्या सिकुनिर टेकडीवर सूर्योदय पाहतात आणि दहाच्या आत परत फिरतात. मी आणि माझा मामेभाऊ तीन रात्री राहिलो. तुम्ही निदान दोन तरी राहा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आधी जायचं कसं ते सांगतो. भारतीयांना इंडोनेशियात पोचल्यावर व्हिसा मिळतो. आम्ही माणशी ५ लाख रुपिया भरले. जकार्ताहून रेल्वेने योग्यकार्ता गाठा, तो प्रवास छान आहे. तिथून मागेलांगमार्गे वोनोसोबो हे तालुक्याच्या गावाएवढं गाव, साधारण तीन-साडेतीन तास. वोनोसोबोहून दिएंगला छोट्या बस जातात. अंतर २६ किलोमीटरच, पण सगळा घाट, आणि बसमध्ये माणसांपेक्षा भाजीची पोती जास्त. दिएंगच्या तिठ्यावरून सेंबुंगानला मोटारसायकलवाला पकडावा लागतो; त्याला 'ओजेक' म्हणतात. दुचाकी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. रोख पैसे वोनोसोबोलाच काढा. आम्ही ते केलं नाही आणि दुसऱ्या दिवशी निव्वळ पैशांसाठी अर्धा दिवस खाली जाऊन आलो.

गावात घरगुती खोल्या मिळतात. गरम पाणी आहे का आणि पांघरुणं किती, हे दोन प्रश्न आधी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री तापमान शून्याखाली जाऊ शकतं. लोकरीची टोपी, हातमोजे, जाड मोजे लागतातच. तिथली माणसं अंगाभोवती सारोंग गुंडाळून फिरतात, आपल्याकडे म्हातारे घोंगडी घेतात तशी. संध्याकाळी घरची मंडळी स्वयंपाकघरातल्या चुलीभोवती बसली की तुम्हालाही बोलावतील. संकोच न करता जा. सगळ्या मुक्कामात मला सगळ्यात प्रिय झालेली जागा तीच.

सिकुनिरवर मात्र जरूर चढा. तेलागा चेबोंग या तळ्याच्या काठाने वाट निघते, अर्ध्या-पाऊण तासाची, बहुतेक पायऱ्यांची. शनिवार-रविवार रांगा लागतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. समोर सिंदोरो ज्वालामुखी, त्यामागे ३,३७१ मीटरचा सुंबिंग, हवा स्वच्छ असेल तर मेरबाबू आणि मेरापी. गावात राहिलात तर चारला उठून चालत निघता येतं आणि गर्दी उतरून गेल्यावरही वर बसता येतं. आठ वाजता खाली सगळ्या उतारांवर खुरपी चालू झालेली दिसतात.

त्या उतारांबद्दल थोडं बोलायलाच हवं. इथे बटाटा अंगावर येईल इतक्या तीव्र चढावर लावतात आणि बऱ्याच ठिकाणी सरी उताराला आडवी नाही, तर वरून खाली सरळ काढलेली. पाणी साचून बटाटा कुजू नये म्हणून हे करतात, हे मला त्या शेतकऱ्याने हातवारे करून समजावलं. पण पावसात मातीही त्याच सरीने खाली जाते आणि तळी गाळाने भरतात. गेल्या काही दशकांत बटाट्याने या भागाला पैसा दिला, पक्की घरं दिली, मुलांना शाळा दिल्या. त्याची किंमत डोंगर मोजतोय. तळ्यापासून वर वावरांपर्यंत गेलेले पाइपांचे जुडगे पाहिले की जीव तुटतो.

आता देवळं. दिएंग हे नाव 'दि ह्यांग' म्हणजे देवांचं स्थान यावरून आलं असं सांगतात. खाली सपाटीवरची लहान, काळ्या दगडाची शिवमंदिरं जावातल्या सगळ्यात जुन्या उभ्या देवळांपैकी आहेत. इथे सापडलेला एक शिलालेख इ.स. ८०९ चा आहे. देवळांची नावं अर्जुन, भीम, घटोत्कच, सुभद्रा, श्रीकांदी. मराठी माणसाला ऐकून भरून येतं, मलाही आलं. पण ही नावं लोकांनी फार नंतर दिलेली, वायांग या त्यांच्या छायाबाहुल्यांच्या खेळातून आलेली. त्यांची श्रीकांदी म्हणजे आपला शिखंडीच, पण तिकडे ती धनुर्धारी स्त्री आणि अर्जुनाची बायको. अर्जुनासमोर सेमारचं देऊळ आहे, आणि सेमार तर महाभारतात नाहीच. तो वायांगमधला विदूषक, जावाचा स्वतःचा. गावं सगळी मुसलमान आहेत आणि हे महाभारत त्यांचं आहे. 'आमचंच इकडे आलं' या थाटात बोलू नका, ऐकून घ्या. खूप ऐकायला मिळतं.

इथल्या काही मुलांच्या केसांच्या जन्मानंतर आपोआप जटा होतात, बहुतेकदा तापानंतर. मूल मागेल ती वस्तू देऊन, विधी करूनच त्या कापतात. अशा मुलाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ऑगस्टच्या सुमारास महोत्सवात हा विधी होतो, त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. दिएंगच्या सिकिदांग विवरातल्या उकळत्या चिखलाभोवती आखलेली वाट सोडू नका, आणि बंद केलेल्या विवरांकडे कुणी नेतो म्हटलं तरी जाऊ नका. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला. लोक घाबरून पळाले, आणि वाटेतल्या सखल भागात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये १४९ जण गेले. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असतो.

शाकाहारींसाठी: 'मी ओंगक्लोक' हा वोनोसोबोचा दाट रश्शातला नूडलचा प्रकार, रश्शात सुकी कोळंबी असते आणि सोबत गोमांसाच्या काड्या येतात. 'तानपा दागिंग, तानपा एबी' म्हणा, म्हणजे मांस नको, सुकट नको. तेंपे केमूल मात्र बिनधास्त खा. हळद घातलेल्या पिठात तळलेलं सोयाबीनचं भजंच. पाकातली कारिका, म्हणजे डोंगरी पपई, घरी आणायला चांगली.

निघायच्या दिवशी देवळांपाशी उतरलो तर तो शेतकरी दव लागलेला वाफा खणत होता. पाला गेला होता, पण खाली सुपारीएवढे बटाटे धरले होते. "मोंग्गो, मास," म्हणजे घ्या दादा, म्हणत त्याने ओंजळभर बटाटे माझ्या टोपीत ओतले. पैसे घेतले नाहीत. वोनोसोबोच्या खानावळीत बाईंना सांगून ते मिठात उकडून घेतले आणि सालासकट खाल्ले.