जिनिंगचं एचिंग: रेषा झाल्या, आता हवा

मंडळी, एचिंगची (धातूच्या प्लेटवर रसायनाने रेषा खोल करून, त्यांत शाई भरून छाप काढायची पद्धत) तांब्याची प्लेट बरीच पुढे सरकली. विषय तोच, हिंगणघाटकडच्या एका जुन्या जिनिंगमध्ये रेच्यावर (कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र) कापूस भरणाऱ्या बाया. रेषांचं बाइटिंग, म्हणजे रसायनाला तांबं खाऊ देणं, उरकलं; आता अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे राळेच्या पुडीच्या कणांतून सावलीच्या छटा.

रेचा आधी नीट समजून घेतला. यंत्र कळल्याशिवाय त्याच्यापुढचं माणूस असं का वाकलंय ते कळत नाही. डबल रोलर रेच्यात चामड्याचे दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरतात. तंतू रुळाला धरून स्थिर पात्याखालून पलीकडे जातो, सरकी पात्याशी अडते आणि हलत्या पात्याचे ठोके खाऊन खाली गळते. क्विंटलभर कापसातून रुई निघते 33-35 किलो, बाकी बहुतेक सरकीच. म्हणून चित्रात सरकीचा ढीग ऐसपैस घेतलाय. रुळावर कापूस सारखा पसरत राहावा लागतो, त्यामुळे बाई खांद्यातून वाकते. उजवा हात पसरतो, तोवर डाव्यात पुढची मूठ तयार. छाप उलटा उमटणार, तेव्हा प्लेटवर हे हात अदलाबदल करून कोरलेत.

खरी परीक्षा हवेची आहे. आत सगळीकडे रुई उडत असते, आणि एचिंगमध्ये पांढरं म्हणजे कागदच. ते आधीच राखून ठेवावं लागतं. राळेची पूड बसवून प्लेट खालून तापवली. (पूड उडत असताना जवळ ज्योत नको, नाकाला मास्क हवाच.) मग तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये एक मिनिट, उजळ राहायच्या जागा झाकायला व्हार्निश, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा व्हार्निश. रेच्याच्या पोटाखालची सावली सगळ्यांत जास्त खाऊ दिली. थंडीत फेरिक मंदावतं, म्हणून ट्रे गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतो.

पुढच्या बाईने नाकावरून रुमाल बांधलाय, भुवयांवर रुई साचलीय. त्या भुवया पहिल्या बाइटच्या आधीच शून्य नंबरच्या ब्रशने झाकल्या. प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीच्या छापात, त्या कपाळापेक्षा उजळ आल्यात. चेहऱ्याचं वय तिथेच दिसतं.

जर्मन चित्रकार कॅथे कोलविट्झची विणकरांच्या उठावावरची मालिका (1893-97) मी सारखी बघतो. तीन लिथोग्राफ, तीन एचिंग. तिच्याकडे माणसं अंधारातून वर येतात. जिनिंगमध्ये माणसं पांढऱ्यात बुडतात, म्हणून तिच्या त्या गडद काळ्याचा मोह आवरून काळं फक्त यंत्रापुरतं ठेवलंय.

चित्राच्या डाव्या कोपऱ्यातला रुईच्या गाठी बांधणारा प्रेस अजून नुसत्या रेषांत आहे. 170 किलोची गाठ लोटणाऱ्या दोघांच्या पोटऱ्यांना अजून जोर हवा, तिथे रेषा पुन्हा खोल खाऊ देणार. आणि हवेसाठी दुसऱ्या छोट्या प्लेटवर सॉफ्ट ग्राउंड (चरबी मिसळलेला मऊ लेप, दाबलेल्या वस्तूचा पोत घेणारा) लावून त्यात खरी रुईच दाबून बघणार आहे. कुणी असा पोत घेतला असेल, तर ग्राउंडमध्ये चरबी किती ठेवलीत तेवढं सांगा.