हँडलवरचा रेडिओ: पुणे ते मिरज

पुण्यातून पहाटे निघाले तेव्हा आकाशवाणी सुरू व्हायची होती. काटा पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झवर, आणि नुसती बारीक खरखर. कात्रजच्या चढाला लागण्याआधी संकेतधून वाजली. निर्वासित होऊन मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी १९३०च्या दशकात बांधलेली ती शिवरंजनी रागाच्या अंगाची धून लहानपणी घरात रोज कानावर पडायची. सायकलवर, अंधारात, दम लागायला सुरुवात झालेली असताना ती ऐकली आणि पाय आपोआप तिच्या लयीत पडू लागले. मग वंदे मातरम्, मग मंगलध्वनीची सनई. घाट अर्धा चढून झाला तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं.

२०१७च्या डिसेंबरातला हा प्रवास. पुणे, सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली, मिरज असा रस्ता. ट्रान्झिस्टर तळहाताएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, चकती फिरवून स्टेशन लावायचा. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तो हँडलवर आडवा आवळून बांधला होता. सायकलवर मी इअरफोन कधीच लावत नाही. मागून येणारा ट्रक आधी कानाला कळतो, आणि तो कळलाच पाहिजे.

कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरताच आवाज गेला आणि पलीकडच्या उजेडात परत आला. तेवढ्यात सहा पंचावन्नच्या संस्कृत बातम्या लागल्या होत्या. सात दहाच्या प्रादेशिक बातम्या उतारावर ऐकल्या. खेड-शिवापूर ते शिरवळ हा टप्पा रेडिओसाठी निरुपयोगी. हायवेच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. सर्व्हिस रोड मिळाला की तेवढ्यापुरतं एखादं भावगीत पदरात पडायचं.

खरी मजा खंबाटकीत. तेव्हा साताऱ्याकडे जाताना बोगदा नव्हता, घाटच चढावा लागायचा. चढताना वेग इतका कमी की रेडिओ काय करतोय हे नीट पाहता आलं. वळण आलं की आवाज एकदम बसायचा, पुढच्या वळणावर पुन्हा भरून यायचा. मध्यम लहरींचा (मीडियम वेव्हचा) अँटेना म्हणजे बाहेर ओढायची ती चकचकीत काठी नव्हे, ती एफएमची. मध्यम लहरींचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, काळ्या फेराइटची कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. कांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज खणखणीत, टोक केंद्राकडे झालं की तो पार खाली जातो. पुणे माझ्या पाठीशी, उत्तरेला. सायकल दक्षिणेकडे चालली असली की हँडलवर आडवी असलेली कांडी पुण्याला बरोबर सामोरी. रस्ता पूर्वेला किंवा पश्चिमेला वळला की तिचं टोक पुण्याकडे, आणि निवेदिकेचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. डोळे मिटले असते तरी घाटाची वळणं मला सांगता आली असती.

डोंगर मध्ये असूनही पुणे ऐकू येत होतं, त्याचं कारण लहरीच्या लांबीत आहे. ७९२ किलोहर्ट्झची एक लहर सुमारे ३७९ मीटर लांब. ती जमिनीला धरून चालते, टेकडीला वळसा घालते. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि डोंगरामागे तिची सावली पडते. म्हणून घाटमाथ्यावर पोचल्यावर काठी ओढून एफएम लावलं तर साताऱ्याचं १०३.१ स्वच्छ लागलं.

भुईंजच्या अलीकडे रसवंतीवर थांबले. ऊसतोडणीचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चाललेले. रसवंतीवाल्या काकांचं लक्ष हँडलकडे.

"काय ताई, कुठलं केंद्र लावलंय?"

"सातारा. घाटापर्यंत पुणे होतं."

"राहू द्या मग सातारा. आत्ता आमच्याकडच्या बायकांची गाणी लागत्यात."

खरंच ओव्या लागल्या. काकांनी चरक थांबवला, बाकावर बसलेल्या दोघींनी बोलणं थांबवलं. त्यातल्या एकीला पुढची ओळ येत होती आणि ती रेडिओच्या आधी म्हणत होती. एरवी सायकलवाल्या बाईला लोक "एकट्याच का?" असं विचारतात. रेडिओ असला की "काय लागलंय?" असं विचारतात, आणि तिथून पुढे गप्पा होतात.

पाचवडच्या पुढे सूर्य बुडाला आणि पुन्हा मध्यम लहरींवर आले. दिवसा जिथे एक-दोन केंद्रं होती तिथे गर्दी उसळली होती. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर उन्हामुळे विद्युतभारित होतो आणि या लहरी शोषून घेतो. ऊन गेलं की तो विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आदळून लहरी शेकडो किलोमीटरवर उतरतात. ८१० वर राजकोटची गुजराती, ७३८ वर हैदराबादची तेलुगू, ६१२ वर बंगळुरूची कन्नड. साताऱ्याचे दिवे दिसेपर्यंत मी अर्धा देश पालथा घातला होता. गाव जवळ आलं तशी विजेच्या तारांची गुरगुर वाढली आणि मी रेडिओ बंद केला.

मोबाइलवर आकाशवाणीची कितीतरी केंद्रं ऐकता येतात आणि ती सोय मी घरी वापरते. पण तिथे पुणे केंद्र मिरजेतही तितकंच स्वच्छ. सायकलवर मला केंद्राची हद्द हवी असते. आपण किती लांब आलो हे आवाजाच्या पातळ होण्यातून कळायला हवं. मध्यम लहरींची प्रक्षेपणं देशभर एकेक करून बंद पडताहेत याचं मला मनापासून दुःख होतं. शंभर किलोवॉटचा एक मनोरा कितीतरी डोंगर ओलांडून खेड्यापाड्यांत पोचतो, आणि ऐकणाऱ्याला लागतात फक्त दोन सेल. याहून स्वस्त, याहून सर्वांना परवडणारं दुसरं काय आहे?

दुसऱ्या दिवशी कराडच्या पुढे पुणे खरखरीत बुडायला लागलं आणि १२५१ वर सांगली वर आली. हे केंद्र १९६३चं. पेठ नाक्याला हायवे सोडला, इस्लामपूरच्या रस्त्याला लागले, आणि रेडिओ पुन्हा पुरता ऐकू येऊ लागला. दोन्ही बाजूंना ऊस, आणि द्राक्षांवरच्या रोगांविषयी कुणी तज्ज्ञ इतकं जिव्हाळ्याने बोलत होते की आष्टा आलेलं कळलं नाही. पुण्याची जागा शोधायला चकती जरा मागे घेतली तर ७६५ वर धारवाड. निवेदन कन्नडमध्ये, पण पाठोपाठ ख्याल सुरू झाला आणि भाषेचा प्रश्नच उरला नाही. ख्यालगायक मल्लिकार्जुन मन्सूर या केंद्राचे संगीत सल्लागार होते. डायलवर पुणे आणि धारवाड यांच्यात नखाएवढं अंतर आहे. या रस्त्यावर ते अंतर खरं वाटतं, कारण किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, तिथल्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या परंपरेतला गळा धारवाडकडे बहरला.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत गेले. एका दुकानात वयस्क कारागीर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पॉलिशचा हात फिरवत होते. शेजारी फळीवर रेडिओ, माझ्या ट्रान्झिस्टरच्या चौपट.

"सकाळी सांगली, मग धारवाड," ते म्हणाले. "जवारी काढायला बसलो की मात्र बंद. तेव्हा कानात दुसरं काही चालत नाही." जवारी काढणं म्हणजे तार झंकारत राहावी म्हणून तिच्याखालची घोडी घासून नेमकी बसवणं.

माझा ट्रान्झिस्टर त्यांनी हातात घेतला, धारवाड लावलं आणि तो सावकाश गोल फिरवला. आवाज बसला, चढला, बसला. "बघा, दक्षिणेला आहे," म्हणाले. त्यांना फेराइटची कांडी ठाऊक होती.

पुढचा मुक्काम कोल्हापूर, आणि तिथली आकाशवाणी एफएमवर १०२.७ ला. मिरज सोडतानाच काठी ओढून काटा तिथे लावून ठेवला. जयसिंगपूरला धरतं की हातकणंगल्याला, ते बघायचं होतं.