तुम्ही विचारलंत म्हणून: आजी-आजोबा, नातवंडं आणि चुनखडीचा किनारा

"आई-बाबा भारतातून आलेत, धाकटी 3 वर्षांची आहे, थोरला चालायचं म्हटलं की कुरकुरतो. सगळ्यांना मिळून पायी फिरता येईल अशी जागा सांगा ना." लँकेस्टर, प्रेस्टन, मँचेस्टरकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न मला उन्हाळा आला की हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: आर्नसाइड आणि सिल्व्हरडेल.

लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगर-तळ्यांच्या ओढीने बहुतेक जण या गावांच्या जवळून पुढे निघून जातात. मोरकॅम्ब उपसागराच्या काठी, लँकाशायर आणि कम्ब्रियाच्या सीमेवर हा 75 चौरस किलोमीटरचा चुनखडीचा पट्टा आहे आणि 1972 पासून तो संरक्षित आहे. इथली ठळक टेकडी, आर्नसाइड नॉट, अवघी 159 मीटर उंच. दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे, लँकेस्टरहून वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येतं, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही. पण मी ही जागा सुचवते ती मुलांसाठी. उंच डोंगरावर मुलांना शिखर येईपर्यंत धीर धरावा लागतो. इथे दहा मिनिटांत जंगल, मग उघडा खडक, मग फट, मग समुद्र असं सारखं काहीतरी बदलत राहतं. थोरल्याला कुरकुरायला सवडच मिळत नाही.

सगळ्यात आधी गेट बॅरोजला जा. झाडीतून चालता चालता एकदम पांढुरक्या दगडाचं सपाट मैदान समोर येतं आणि त्यात वैशाखातल्या शेतासारख्या खोल भेगा दिसतात. हा खडक सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भाग विषुववृत्ताजवळ, उथळ आणि उबदार समुद्राखाली होता. शिंपले, प्रवाळ, समुद्री जीवांची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा दगड झाला. पुढे हिमयुगात बर्फाच्या थरांनी वरची माती खरवडून नेली, आणि उघड्या पडलेल्या दगडातल्या बारीक चिरा पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी हजारो वर्षं रुंदावत राहिलं. सपाट लाद्यांना इथे क्लिंट म्हणतात, मधल्या भेगांना ग्राइक. मुलांना हे सगळं सांगायची घाई करू नका. त्यांना आधी पालथं झोपून भेगेत डोकावू द्या. वर दगड कोरडा, तापलेला. आत हातभर खाली सावली, ओल आणि नेच्यांची लांबट हिरवी पानं. मेंढ्यांचं तोंड आणि वारा तिथवर पोचत नाही म्हणून ती टिकली आहेत. हे एकदा पाहिलं की मुलं स्वतःहून पुढची भेग शोधायला निघतात, आणि "हे असं का?" तेच विचारतात. तेव्हा समुद्राची गोष्ट सांगायची.

बागेत रचायला म्हणून लोकांनी असा दगड फोडून गाड्या भरभरून नेला. एकदा गेलेली लादी परत तयार होत नाही. 1981 च्या वन्यजीव कायद्याने या खडकाला संरक्षण मिळालं ते त्यामुळेच. म्हणून छोटासा तुकडासुद्धा खिशात घालू देऊ नका, मूल कितीही रडलं तरी. मे महिन्याच्या शेवटी गेलात तर लेडीज स्लिपर ऑर्किडचं पिवळं-तांबूस फूल दिसण्याची शक्यता असते. ब्रिटनमधून हे फूल जवळजवळ नाहीसंच झालं होतं. इथली रोपं मुद्दाम आणून लावलेली आहेत. वाट सोडून त्यांच्याजवळ जाऊ नका.

बीदमजवळच्या फेअरी स्टेप्स म्हणजे मुलांची हक्काची जागा. चुनखडीच्या कड्यात एक अरुंद फट आहे आणि त्या फटीतून दगडी पायऱ्या उतरतात. दोन्ही बाजूंच्या भिंतींना अंग न लावता खाली आलात तर पऱ्या तुमची इच्छा पुरी करतात अशी इथली समजूत आहे. मोठ्या माणसाला ते जमणं कठीण, तीन-चार वर्षांच्या पोराला सहज जमतं. दिवसभर लहान म्हणून मागे राहिलेलं मूल इथे सगळ्यांच्या पुढे जातं, आणि मला ही जागा म्हणूनच फार आवडते. आजोबांना मात्र दुसरी गोष्ट सांगा: पूर्वी आर्नसाइडकडची प्रेतं बीदमच्या चर्चमध्ये पुरायला याच वाटेने नेत, आणि शवपेट्या कड्यावरून ओढून घ्यायला खडकात लोखंडी कड्या ठोकल्या होत्या असं सांगतात. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या वरूनच पाहाव्यात.

सिल्व्हरडेलच्या दक्षिणेला जॅक स्काउट नावाची समुद्राकाठची छोटी माळरानं आहेत. तिथे चुन्याची जुनी भट्टी दुरुस्त करून ठेवली आहे. माझे सासरे तिथे पोचले आणि माहितीची पाटी न वाचताच आम्हाला समजावू लागले: दगड आणि जळण थरांवर थर कसं रचायचं, खालून हवा कशी लागते, भाजलेल्या कळीचा चुना पाण्यात विरताना कसा उकळतो. कोकणात त्यांनी शिंपल्यांचा चुना भाजताना पाहिलेला. मुंबईच्या चुनाभट्टीचं नाव कशावरून पडलं हे नातवाला तिथे, मोरकॅम्बच्या काठावर कळलं. आजी-आजोबा बरोबर असतील तर ही जागा चुकवू नका. इथे सांगण्यासारखं त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओहोटीला समोर मैलोन्‌मैल चकचकीत वाळू दिसेल, मुलं धावत सुटतील. त्यांना जाऊ देऊ नका. मुंबईला उधाणाची भरती पाचेक मीटरपर्यंत जाते, इथे ती दहा मीटरच्या आसपास असते. तळ इतका सपाट आहे की पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. ते आधी बाजूच्या खोलगट चरांमधून मागे शिरतं आणि आपण उभे असलेल्या वाळूचं बेट होतं. शिवाय पाय रुतणारी वाळू आज एका जागी असते, उद्या दुसऱ्या. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री शिंपले वेचायला गेलेले किमान 21 चिनी मजूर याच उपसागरात बुडाले. वाळू ओलांडायला वाटाड्या लागतो, आणि तो राजाने नेमलेला असण्याची परंपरा सोळाव्या शतकापासूनची आहे. सेड्रिक रॉबिन्सन यांनी 1963 पासून 2019 पर्यंत हे काम केलं आणि हजारो माणसांना सुखरूप पार नेलं. मुलं मोठी झाली की अशा वाटाड्याबरोबर जरूर जा. तोवर आर्नसाइडच्या धक्क्यावर बसून भरती आत शिरताना पाहा. भरतीच्या आधी तिथे इशाऱ्याचा भोंगा वाजतो, पण निघण्यापूर्वी भरतीचं वेळापत्रक स्वतः पाहायचंच.

बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर खडकाळ वाटा सोडा आणि सिल्व्हरडेल स्टेशनला लागून असलेल्या लेटन मॉस या पाणथळ पक्षी-अभयारण्यात जा. वायव्य इंग्लंडमधलं बोरूचं सगळ्यात मोठं रान तिथे आहे. पक्षी पाहायच्या खोपट्यांपर्यंत सपाट वाटा जातात, आणि हिवाळ्यात आपल्याकडच्या तळ्यांवर दिसणारा मार्श हॅरियर इथे घरटं करतो. आर्नसाइडहून आगगाडीत बसून खाडीवरच्या 1857 च्या पुलावरून पलीकडच्या ग्रेंज गावाला जाणं ही तर मुलांची वेगळी चैनच. ग्रेंजचा समुद्राकडेचा रस्ता सपाट आहे, वाहनं नाहीत, बसायला बाकं आहेत.

एका दिवसात यातल्या दोनच जागा करा. पाऊस पडून गेला असेल तर खडकाचा बेत पुढे ढकला, कारण ओला चुनखडक फार निसरडा होतो आणि भेगेत पाय अडकला तर घोटा जातो. उंच गवतातून आल्यावर मुलांचे पाय गोचिडींसाठी तपासा. आणि दशम्या, चटणी, पाणी घरूनच न्या, गेट बॅरोजला चहासुद्धा मिळत नाही.