शिकार करत नाही, तरी डक स्टॅम्प घ्यायचा का?

तुम्ही विचारलंत म्हणून. डक स्टॅम्प म्हणजे अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत, शनिवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून पाणथळीवर जाणाऱ्या मराठी मंडळींचा हा ठरलेला प्रश्न आहे: "आम्ही पक्षी बघतो, मारत नाही. मग शिकाऱ्यांचं ते पंचवीस डॉलरचं तिकीट आम्ही कशाला घ्यायचं? आणि घ्यायचंच तर कुठून, कागदी की ऑनलाइन?" माझं उत्तर 'घ्या' असं आहे. मात्र त्यातून काय मिळतं, काय मिळत नाही आणि पैसा कुठे जातो हे आधी कळलेलं बरं. नाहीतर अभयारण्यांच्या गेटवर वाद होतात.

तिकिटाची जात आधी ओळखून घ्या. हे टपालाचं तिकीट नव्हे, पाकिटावर लावून उपयोग नाही. हे महसुली तिकीट आहे. आपल्याकडे पाच हजारांच्या वरच्या पावतीवर रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही ठोकतात ना, तोच प्रकार. अमेरिकेत बदकं, हंस, गूज यांची शिकार करणाऱ्या 16 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाकडे चालू वर्षाचा डक स्टॅम्प हवा आणि कागदी तिकिटावर त्याची स्वतःची, शाईची, चित्रावरून गेलेली सही हवी. तिकीट खिशात आहे पण कोरं आहे, तर कायद्याच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा, दंड होतो. कोरं तिकीट आज माझ्या आणि उद्या भावाच्या खिशात जाऊ नये म्हणून ही सही. चित्र खराब होईल म्हणून सही टाळणारे शिकारी दर हंगामात सापडतात. त्यांनी सरळ दोन तिकिटं घ्यावीत, एक सहीचं, एक अल्बमचं. कागद गुळगुळीत असतो, बॉलपेन त्यावर घसरतं. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा आणि मिनिटभर वाळू द्या.

हे आलं कुठून? 1929मध्ये अमेरिकेने स्थलांतरित पक्ष्यांसाठी जमिनी घेण्याचा कायदा केला. जमिनी मंजूर करायला आयोग नेमला, पण कायमस्वरूपी पैशाची सोय करायची राहिली. पाठोपाठ मंदी आली, दुष्काळ आला, शेतीसाठी उपसलेल्या तळ्यांची जमीन धूळ होऊन उडू लागली आणि बदकांची संख्या कोसळली. 16 मार्च 1934 रोजी रूझवेल्ट यांनी तिकिटाच्या कायद्यावर सही केली. तेव्हा किंमत होती एक डॉलर. पहिलं चित्र जे. एन. 'डिंग' डार्लिंग यांचं, पाण्यावर उतरणारी मॅलार्ड जातीच्या बदकांची जोडी. डार्लिंग हे पुलित्झर मिळवलेले राजकीय व्यंगचित्रकार, पक्षाने रिपब्लिकन, आणि तरी डेमोक्रॅट रूझवेल्टनी त्यांना वन्यजीवांच्या खात्याचं प्रमुख केलं होतं. रेफ्यूजच्या, म्हणजे संघराज्याच्या वन्यजीव अभयारण्यांच्या, पाट्यांवर दिसणारा उडता निळा गूजही त्यांनीच काढलेला. पहिल्या वर्षी साडेसहा लाखांच्या आत-बाहेर तिकिटं खपली. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला खप 24 लाखांच्या आसपास गेला होता, हल्ली तो साधारण 15 लाखांवर आहे. शिकारी कमी होताहेत, पाणथळींची गरज कमी होत नाहीये. तुमच्या पंचवीस डॉलरना वजन आहे ते यामुळे.

आता पैसा. डॉलरमागे 98 सेंट स्थलांतरित पक्षी निधीत जातात, म्हणजे तुमच्या 25 डॉलरमधले साडेचोवीस. या निधीतून फक्त जमीन घेतात, किंवा जमिनीवरचे हक्क घेतात. आजवर 120 कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि 60 लाख एकरांहून जास्त अधिवास राखला गेला. 2015मध्ये किंमत 15 वरून 25 डॉलर केली, तेव्हा वाढलेले दहा डॉलर 'ईझमेंट'साठी बांधून टाकले. हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळ्या योजनेत मला सर्वांत पटणारा भाग तोच.

डाकोटा, मिनेसोटा, आयोवा, मोंटानाच्या पट्ट्यात हिमनद्या मागे हटताना जमिनीला लाखो खळगे पडले. वसंतात त्यात बर्फाचं पाणी साठतं. काही खळगे आपल्या शेतातल्या पावसाळी डबक्याएवढे, काही तलावाएवढे. उत्तर अमेरिकेतल्या बदकांचा पाळणा इथे हलतो. बदकिणीला नुसतं पाणी पुरत नाही. तळ्याभोवती उभं गवत लागतं, कारण घरटं ती गवतात करते, कधी कधी पाण्यापासून बरीच लांब. शेतकऱ्याच्या नजरेत मात्र तो खळगा म्हणजे ट्रॅक्टरला घालावा लागणारा वळसा. चर खणून पाणी काढलं की तेवढी जमीन पिकाखाली येते. ईझमेंटमध्ये सरकार त्याची जमीन घेत नाही. चर खणण्याचा, तळं बुजवण्याचा, गवत नांगरण्याचा हक्क तेवढा एकरकमी पैसे देऊन कायमचा विकत घेतं. सातबारा त्याच्याच नावावर राहतो म्हणा ना. गुरं चारायला हरकत नाही. गवत कापायचं तर 15 जुलैनंतर, तोवर बहुतेक पिल्लं अंड्याबाहेर आलेली असतात. तळं आपसूक आटलं तर त्यात पेरायचीही मुभा असते. जमीन विकली, वारसाकडे गेली, तरी बंधन जमिनीसोबत जातं. याच भागात काही तुकडे सरळ विकतही घेतात, त्यांना वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया म्हणतात.

इथे तुमचा पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: आमच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर शिकार होते का? होते. 1949 पर्यंत अशा रेफ्यूजवर पक्ष्यांना पूर्ण अभय होतं. त्या वर्षी किंमत दोन डॉलर केली आणि बदल्यात रेफ्यूजच्या 25 टक्के भागापर्यंत शिकार खुली करण्याची मुभा दिली. 1958मध्ये ती 40 टक्क्यांपर्यंत नेली. वर सांगितलेल्या प्रॉडक्शन एरियांना ही टक्केवारीची मर्यादा नाही. ज्यांना तत्त्वतः एकही बंदूक मान्य नाही त्यांनी हे ऐकूनच निर्णय घ्यावा, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझा हिशेब असा: गोळीने मेलेल्या बदकाची जागा पुढल्या वसंतात भरू शकते, पण खळग्यात एकदा मका उभा राहिला की तिथे कुणाचीच वीण होत नाही. शिवाय बंदुका-काडतुसांवरचा संघराज्य कर 1937च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जोडलेला आहे, आपल्या दुर्बिणीवर आणि टेलिलेन्सवर तसा कर नाही. पाणथळीचं बिल शिकारी भरतात आणि फोटो आपण काढतो, हे जरा टोचायला हवं.

घ्यायचा कसा ते आता. वर्ष 1 जुलै ते 30 जून. नवं तिकीट जूनच्या अखेरीस विक्रीला येतं. केव्हाही घेतलंत तरी मुदत 30 जूनलाच संपते, बारा महिने मोजून मिळत नाहीत. म्हणून मे महिन्यात कुणी हौसेने घेत असेल तर मी थांबवतो. तिकिटावरच अमुक सालच्या 30 जूननंतर रद्द असं छापलेलं असतं, ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या सालाची तिकिटंही संग्राहकांसाठी विकली जातात, ती चुकून गळ्यात पडतात.

कागदी तिकीट टपाल कार्यालयात मिळतं, पण प्रत्येक शाखेत नाही. फोन करून "डक स्टॅम्प आहे का" एवढं विचारून जा. टपाल खात्याच्या ऑनलाइन दुकानात, शिकारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांत आणि बऱ्याच रेफ्यूजच्या काउंटरवरही मिळतं. नागरिकत्व, व्हिसा, परवाना कुणी विचारत नाही. 25 डॉलर दिले की तिकीट तुमचं. चिकटणारं एकेरी तिकीट डॉलरच्या नोटेएवढ्या कागदावर येतं. ते सोलून पाकिटात, डायरीत चिकटवायचा मोह आवरा. कागदासकट प्लॅस्टिकच्या खोळीत ठेवलंत तर ओलाव्यात टिकतं. हरवलं तर फुकट बदली नाही, पुन्हा पंचवीस.

ई-स्टॅम्प राज्यांच्या वन्यजीव खात्यांच्या संकेतस्थळांवर मिळतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, कार्ड, आणि दोन मिनिटांत फोनवर. त्यावर थोडं सेवाशुल्क चढतं, ते राज्यागणिक वेगळं. पूर्वी हा ई-स्टॅम्प फक्त 45 दिवस चालायचा आणि तेवढ्यात कागदी तिकीट टपालाने यायचं. ते वेळेत आलं नाही की हंगामाच्या मध्यावर शिकारी बिनतिकिटाचा. डिसेंबर 2023च्या कायद्याने ही कटकट संपवली. आता ई-स्टॅम्प 30 जूनपर्यंत पूर्ण चालतो आणि कागदी तिकीट 10 मार्चनंतर घरी पाठवतात. आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो: ऑक्टोबरमध्ये घेतलेलं कागदी तिकीट मार्चमध्ये टपालात पडतं, तोवर अपार्टमेंट बदललेलं असतं. लीज संपत असेल तर सरळ कागदी घ्या.

पक्षी बघणाऱ्याला याचा रोख फायदा म्हणजे प्रवेश. जी नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज प्रवेशशुल्क घेतात, तिथे चालू डक स्टॅम्प वर्षभराचा पास म्हणून चालतो, आणि खाजगी गाडीतली बरोबरची माणसंही त्यावर आत जातात. अटलांटिक सिटीजवळच्या फोर्सिथ रेफ्यूजचा सुमारे 8 मैलांचा गाडीरस्ता, फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावरचं डिंग डार्लिंग, न्यू मेक्सिकोतलं बॉस्के देल अपाचे, कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो रेफ्यूज, ही अशी ठिकाणं. बरीचशी रेफ्यूज मुळातच मोफत आहेत, तिथे काही वाचत नाही. यलोस्टोन, योसेमिटीसारख्या नॅशनल पार्कांच्या गेटवर तर हे तिकीट दाखवूच नका. ते खातं वेगळं, पास वेगळा. राज्य उद्यानांतही चालत नाही. मुलांच्या चित्रांचा ज्युनियर डक स्टॅम्प पाच डॉलरना मिळतो, त्याचे पैसे पर्यावरण शिक्षणाला जातात. तो गोड असतो, पण प्रवेशाला आणि शिकारीला दोन्हीकडे बाद.

ज्यांना खरंच शिकारीला जायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: डक स्टॅम्प म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. राज्याचा परवाना वेगळा, बऱ्याच राज्यांचा स्वतःचा स्टॅम्प वेगळा (कॅलिफोर्नियाने तो 1971मध्ये सगळ्यांत आधी सुरू केला), आणि एचआयपी ही स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीच्या मोजणीसाठीची नोंदणी वेगळी, ती त्या त्या राज्यात करायची. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिसाचे छर्रे 1991पासून देशभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे बदकं खड्यांसारखे गिळतात आणि विषबाधेने मरतात. स्टील किंवा बिस्मथ वापरा. बंदुकीत तीनच काडतुसं मावतील असा अडसर हवा. आणि व्हिसावर असलेल्यांना बंदुकीचा कायदा निराळा लागतो. तिकीट घेतलं म्हणून बंदूक हाती धरायची मुभा मिळत नाही, ते वकिलालाच विचारा.

चित्रांची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1949पासून दरवर्षी खुली स्पर्धा होते. मूळ चित्र आडवं, 10 बाय 7 इंच, जाती ठरवून दिलेल्या पाच. रोख बक्षीस नाही, विजेत्याला तिकिटांचा एक ताव मिळतो, पण छापील प्रती विकून तो पुढे कमावतो. ग्रीन कार्डवाल्यांनाही भाग घेता येतो, वय 18 पुरे हवं. 1959च्या तिकिटावर मेनार्ड रीस यांनी तोंडात मॅलार्ड धरलेला काळा लॅब्रॅडोर काढला. मिनेसोटाच्या हॉटमन भावांनी तर ही स्पर्धा घरचीच करून टाकली आहे. 2020मध्ये चित्रात शिकारीची खूण हवीच असा नियम आला, तेव्हा पाण्यात तरंगणारी काडतुसं आणि बदकांना हाक घालायच्या शिट्ट्या चित्रांत घुसल्या. पुढल्या वर्षी तो नियम गेला, बरं झालं. संग्राहक ही तिकिटं आरडब्ल्यू क्रमांकांनी ओळखतात, 1934चं ते आरडब्ल्यू 1. त्याची सही नसलेली, मूळ डिंक शाबूत असलेली प्रत शेकडो डॉलरना जाते. गुंतवणूक म्हणून अलीकडची तिकिटं मात्र घेऊ नका, ती भरपूर छापलेली असतात.

2024-25च्या तिकिटावर चक ब्लॅक यांचा पिनटेल होता, म्हणजे आपला तलवार बदक. हाच पक्षी हिवाळ्यात मध्य आशियाच्या उडाणमार्गाने नांदूर मध्यमेश्वरला उतरतो. थापट्या बदकही (शोव्हेलर) तसाच, दोन्ही खंडांत एकच जात. भारतात असं तिकीट का नाही, हेही लोक विचारतात. तिकीट शिकाऱ्याकडून वसूल करायचं असतं, आणि 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार आता आपल्याकडे रानबदकाची शिकार हा गुन्हाच आहे, त्यामुळे ही वाट तिथे बंद.

एक सूचना, कारण ही चूक सरळमार्गी लोकांकडूनच होते. रेफ्यूजवर वाटेत पडलेलं बदकाचं सुंदर पीस मुलाने उचललं तर ते जागच्या जागी परत ठेवायला सांगा. 1918च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार गळून पडलेलं पीसही जवळ बाळगता येत नाही. शिकाऱ्याला त्याने नियमाने मारलेल्या बदकाची पिसं ठेवता येतात, पण वाटेवरून उचललेल्या पिसाला तुमच्या खिशातला डक स्टॅम्प कामाला येत नाही.