साडेचार मिलीमीटर

सगळं सुरू झालं ते मागचं दार उघडेना म्हणून. सिडनीच्या उत्तरेला दीडेक तासावर वॉटगन्सचं जंगल आहे. तिथल्या एका चढावर खडकाची गुडघाभर पायरी लागते. पुढची चाकं वर गेली, मागची चढता चढता गाडी डावीकडे सरकली आणि दाराखालचा फूटबोर्ड त्या पायरीवर बसला. फूटबोर्ड म्हणजे नुसता दिखावा. पातळ पत्र्याच्या कोनांवर लटकलेला, माणसाचा पाय पेलेल एवढाच. दोन टनांची गाडी त्यावर टेकल्यावर तो वर दुमडला आणि दाराच्या खालच्या कडेत घुसला. मागे बसलेल्या मुलीला पुढच्या सीटवरून ओढून बाहेर काढावं लागलं. तिला मजा वाटली. तिच्या आईला नाही.

तर ठरलं. रॉक स्लायडर, म्हणजे दाराखाली बसणारा जाड लोखंडी पाइप, आणि मोठे टायर.

इथे डबल कॅब पिकअपला यूट म्हणतात आणि दर तिसऱ्या घरासमोर एक उभी असते. तेव्हा माझी समजूत अशी की एवढ्या यूट असलेल्या देशात टायर मोठे करणं म्हणजे सायकलला घंटी लावण्याइतकं सोपं असणार. माझ्या गाडीला मूळचे २६५/६५ आर १७, म्हणजे टायरची रुंदी २६५ मिलीमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १७ इंची. एका गृहस्थांकडून २८५/७० आर १७चे चार टायर मिळाले, अर्धेअधिक रबर शिल्लक असलेले. इथले लोक त्यांना ‘तेहतीस’ म्हणतात, उंची तेहतीस इंचांच्या आसपास भरते म्हणून. रिम तेच चालणार होते. गाडीत टाकले आणि टायरवाल्याकडे गेलो.

त्याने टायरकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावर चिकटवलेला टायरचा तक्ता वाचला, कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाला, ‘सॉरी मेट.’ मूळ टायरचा व्यास ७७६.३ मिलीमीटर. माझ्या टायरचा ८३०.८. फरक ५४.५. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, अशा गाडीला तक्त्यातल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा ५० मिलीमीटरपर्यंत मोठा टायर चालतो. त्याच्या वर गेलात की सरकारमान्य इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं.

साडेचार मिलीमीटर! मी हसलो. तो हसला नाही.

मग मी वाद घातला, आणि माझा मुद्दा आजही मला बरोबर वाटतो. साडेचार मिलीमीटर व्यासात म्हणजे प्रत्येक बाजूला सव्वादोन. हे टायर वापरलेले आहेत, रबर त्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलंय. म्हणजे आज, या क्षणी, पट्टी लावून मोजलं तर हे टायर कायद्यात बसतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि टायरच्या भिंतीवर छापलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. छापलंय ते खरं. मग मी म्हटलं, बसवून तर दे, जबाबदारी माझी. तो म्हणाला, नाही, बसवणारा मी आहे.

इथे मला खरा धक्का बसला. गिऱ्हाईक समोर उभं, दुकान रिकामं, मजुरी मागेल ती द्यायला तयार, आणि माणूस काम नको म्हणतोय! आपल्याकडे एव्हाना ‘होऊन जाईल साहेब’ म्हणून जॅक लागलाही असता, मडगार्डला घासलं तर हातोडीचे दोन टोलेही मिळाले असते.

आता कुणी लगेच सांगायला येऊ नये की हीच ती शिस्त, हाच तो फरक. कायदा आपल्याकडेही आहे, आणि कागदावर तो इथल्यापेक्षा कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलंय. बुलबार, म्हणजे बंपरपुढची लोखंडी चौकट, तर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच बेकायदा ठरवले. इथे मात्र कांगारू आडवा येतो म्हणून निम्म्या यूट पुढे लोखंडी जबडा लावून फिरतात आणि ते चालतं. म्हणजे आपण नियम करण्यात मागे नाही. आपल्याकडचा टायरवाला तेवढा कनवाळू आहे. (हे लिहितानाच जाणवतंय की याचा अभिमान बाळगावा असं काही नाही. पण त्या दिवशी वाटला, हे खरं.)

रात्री बाबांना फोन केला. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, माझी बाजू घेईल असं वाटलं होतं.

‘चाक मोठं केल्यावर गाडी ओढायला जड होणार, हे कळतंय ना तुला?’

‘हो बाबा. पण खालून उंची मिळते.’

‘आणि उताराला ब्रेक? ब्रेक तेवढाच, चाक मोठं. उशिरा लागणार. तो टायरवाला बरोबर बोलला. त्याला माझा नमस्कार सांग.’

नमस्कार सांगितला नाही. पण दोन दिवसांनी त्याच दुकानात गेलो, हे कबूल करायला हवं. त्याने २७५/७० आर १७ सुचवले. व्यास ८१६.८, फरक साडेचाळीस मिलीमीटर, सर्टिफिकेट नको. मी म्हटलं, पाच दे, स्टेपनीसकट. तो माझ्याकडे बघतच राहिला. हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. ब्रिटनमधल्या वेल्सच्या लानेली गावात एक स्टेपनी रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाक विकणारी कंपनी निघाली, तिचं नाव आपण अजून रोज घेतो आणि इंग्रजी बोलणारे विसरून गेले. हे त्याला सांगितलं. पहिल्यांदाच हसला.

स्टेपनीवर मात्र कंजुषी करू नका. चार मोठे आणि पाचवा जुना लहान ठेवला, आणि जंगलात पंक्चर झालं, तर फोर व्हील लावलेल्या गाडीत एक चाक इतरांपेक्षा जास्त फिरतं आणि त्याचा ताण सगळा गिअरच्या डब्यावर येतो.

आता हिशोब बघा. व्यास साडेचाळीस मिलीमीटरने वाढला, म्हणजे गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी. दोन सेंटिमीटर! एवढ्यासाठी महिनाभर डोकं खाल्लं मी सगळ्यांचं. त्यात वाळूत किंवा खडकांत उतरताना हवा कमी करायची असते. टायर पसरतो, पकड वाढते आणि गाडी थोडी खालीही बसते. म्हणजे त्या दोनातलं थोडं परत गेलंच. स्पीडोमीटरचंही गणित बदललं. पूर्वी काटा शंभरवर असताना फोनवरचा जीपीएस ९६ दाखवायचा, आता १०१ दाखवतो. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतोय हे इथे चालत नाही, म्हणून तोही दुरुस्त करून घेतला. पूर्ण वळवल्यावर पुढचं डावं चाक मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला हलकंसं घासत होतं. गरम हवेने ते प्लॅस्टिक थोडं मागे दाबलं आणि आवाज गेला. आपली हातोडी ती हीच, फक्त विजेवर चालणारी.

स्लायडर मात्र घरीच बसवले, आणि ते काम झालं शेजारच्या आजोबांमुळे. पंच्याहत्तरीचा माणूस. शनिवारी सकाळी कुंपणापलीकडून खोकं बघितलं आणि न विचारता जॅक, लाकडाचे ठोकळे आणि टॉर्क रेंच (बोल्ट मोजून-मापून कसायचा पाना) घेऊन आले. जाड पाइपाचा एकेक स्लायडर वीस किलोच्या वर. एकट्याने खाली झोपून तो धरायचा आणि बोल्टही लावायचा म्हणजे छातीवर घेण्याचीच तयारी. त्यांनी ठोकळ्यावर ठेवून जॅकने तो जागेवर उचलला आणि मला खालून बोल्ट सरकवायला सांगितले. आधी सगळे हातानेच, सैल. मग गाडीच्या रेषेत स्लायडर सरळ करून घ्यायचा आणि शेवटी रेंचने कसायचे. एकेक बोल्ट आधीच घट्ट केला तर पुढचं भोक जुळत नाही. पहिल्या बाजूला मी नेमकं तेच केलं आणि सगळं परत सोडावं लागलं. आजोबा एक शब्द बोलले नाहीत, फक्त पाना पुढे केला.

फूटबोर्ड आणि स्लायडर लांबून सारखेच दिसतात, म्हणून लोक फसतात. स्लायडर बॉडीला नाही, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला बसतो, तोही मूळ भोकांत. चासीवर वेल्डिंग करू नको, असं आजोबांनी दोनदा बजावलं. गाडीचं एका बाजूचं सगळं वजन त्यावर टेकलं तरी दार शाबूत राहिलं पाहिजे. खडकावर गाडी अडली की त्यावरच घसरत पुढे जायचं, म्हणून तर नाव स्लायडर. आणि काम झाल्यावर पाचशे किलोमीटरने बोल्ट परत तपासायचे. ते तपासायला आजोबाच आठवणीने कुंपणाशी आले. मी विसरलो होतो.

ते तेहतीसवाले टायर दुसऱ्याच एका यूटवाल्याने नेले. त्याच्या गाडीचे मूळ टायरच तेवढ्या उंचीचे होते, त्यामुळे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. उचलून ठेवायला मदत करताना मला उगाचच वाईट वाटलं.

मागच्या रविवारी त्याच पायरीवर गेलो. पुढची चाकं चढली, गाडी पुन्हा डावीकडे सरकली आणि खालून लोखंड खडकावर घासल्याचा असा आवाज आला की बायकोने डोळे मिटले. थोडा ॲक्सिलरेटर दिला, गाडी घसरत वर निघाली. सपाटीवर थांबल्याबरोबर मुलीने मागचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं.

घासल्याचा आवाज तिने फोनवर टिपला होता. बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: ‘ब्रेक बघून घेतलेस का?’