आंबिया अपडेट: जीए पास, पण गळ थांबेना

मंडळी, संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ थांबवायला मारलेल्या जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, झाडाचं वाढ-संजीवक) फवारणीचा निकाल आला. अर्धा पेढे वाटण्यासारखा, अर्धा डोकं धरून बसण्यासारखा.

आधी पेढे. धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी (कपाशी) आहे, त्यामुळे टू-फोर-डीला (हेही गळ थांबवणारं संजीवक, जास्त मात्रेत तणनाशक) यंदाही हात लावला नाही. वाऱ्याने चार थेंब तिकडे गेले तरी कपाशीची पानं भेंडीसारखी फाटतात, आणि शेजारचे काका वर्षभर बोलत नाहीत. म्हणून जीएच: १५ पीपीएम (लिटरला १५ मिलिग्रॅम), सोबत १ टक्का युरिया. नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो, भुकटी सरळ पाण्यात टाकू नका, नीट विरघळत नाही. १ ग्रॅम जीए ५० मिली स्पिरिटमध्ये विरघळवा, त्यातलं सव्वाअकरा मिली १५ लिटरच्या पंपाला. बोअरचं पाणी खारं असेल तर आधी चिमटी-चिमटीने लिंबूसत्त्व टाकून सामू सहाच्या आसपास आणा, कारण सामू जास्त असला की जीए टिकत नाही. लिंबूसत्त्व किराणा दुकानातलं चालतं. कृषी केंद्रवाले त्याच कामासाठी रंगीत बाटली गळ्यात मारतात, ती घेऊ नका.

आता डोकेदुखी. फवारलेल्या झाडांखालीही सकाळी फळांचा सडा. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "अजून एक हात मारा." त्याऐवजी पडलेली सगळी फळं गोळा करून ओट्यावर मांडली आणि एकेक बघत बसलो. फवारलेल्या झाडांची वेगळी, कोरी ठेवलेल्यांची वेगळी.

तीन ढीग झाले. पहिला, देठापाशी स्वच्छ सुटलेली फळं, सालीवर डाग नाही. ही झाडाने स्वतःहून सोडलेली. दुसरा, देठाकडून काळपट-तपकिरी होत गेलेली, ही बुरशी. तिसऱ्या ढिगातली फळं वरून चांगली दिसत होती, पण बोटाने दाबलं की टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून रसाची बारीक चिळकांडी. भोकाभोवती सालीचा रंग उतरलेला, आत फोडी कोरड्या आणि वास आंबूस. रस शोषणारा पतंग!

आणि गंमत इथेच आहे. फवारलेल्या झाडांचा पहिला ढीग कोऱ्या झाडांपेक्षा अगदी लहान, म्हणजे जीएने आपलं काम चोख केलंय. तिसरा ढीग मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा. पडलेलं फळ फोडून न बघता फवारणीला पास-नापास ठरवणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

रात्री बॅटरी घेऊन गेलो. फांद्यांत लालसर डोळे चमकत होते. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, उडाला की मागचे केशरी. या पतंगावर पानावरची फवारणी फारशी चालत नाही. तो बाहेरून येतो, सोंड खुपसतो, निघून जातो. अळी तर संत्र्यावर वाढतच नाही, ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. आमच्या धुऱ्यावरच्या कडुनिंबावर गुळवेल कशी माजलीय ते जुन्या फोटोंत पाहिलंच असेल. कोरोनापासून अर्ध्या गावाचा काढा त्या वेलीवर चालतो. बाबांना काढू का विचारलं, तर म्हणाले, "आधी मले काढ." विषय संपला. तसाही पतंग लांबून उडत येतो, एक वेल तोडून गाव थोडंच सुटणार!

सध्या आमिष लावलंय: दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, पडलेल्या फळांचा रस आणि २० मिली मॅलेथिऑन, रुंद तोंडाच्या बाटल्यांत, पोरं-ढोरं पोचणार नाहीत अशा उंचीवर. पडलेली फळं रोज उचलून खड्ड्यात पुरतो, कारण त्यांच्या वासानेच पाहुणे वाढतात. संध्याकाळी ओल्या पाल्याचा धूर.

पुढच्या हाताला पुन्हा जीए घेणार होतो, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलला. आता फळं रंगावर यायच्या बेतात आहेत. जीए दिलं तर साल हिरवीच राहील आणि व्यापारी भाव पाडेल. त्यापेक्षा ००:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत), १ टक्का. सालीसाठी कॅल्शियम नायट्रेटही द्यायचंय, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एका टाकीत कालवलं की दुधासारखा साका होऊन नोझल बसतो.

धुऱ्याकडच्या ओळीत सौर पॅनेलवर पिवळा दिवा लावायचंही डोक्यात आहे. पिवळ्या उजेडात हा पतंग फळावर बसायचं टाळतो. शेतीच्या लाइनचा रात्री भरवसा नाही, म्हणून सौर. कोणी लावला असेल तर किती वॅटचा आणि किती उंचीवर, ते सांगा. याच आठवड्यात बांबू रोवतोय.